बाईसाहेबांचं दुखणं

आमच्या गल्लीत त्याला सगळे मुका म्हणायचे. तो मुका नव्हता. न्हावी असून बोलत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. खुर्चीत बसलं की कपडा झटकून गळ्याशी बांधायचा, आरशातून बघायचा आणि विचारायचा, "नेहमीचं?" आपण मान हलवायची. मग पुढे नुसता कात्रीचा आवाज. कुणी हवापाण्याच्या गप्पा काढल्याच तर "हं" म्हणायचा, तेही मान खाली करायला सांगितल्यासारखं. डोक्यावरचे केस उतरवायचेत पण डोक्याला ताप नकोय, अशी माणसं मुद्दाम लांबून त्याच्याकडे यायची. मीही त्यातलाच. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या अगदी समोर. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का" विचारून माझं तोंड दुखायचं. त्याच्या खुर्चीत ते तोंड विसावा घ्यायचं.

त्याच्या दुकानाच्या मागे एक पडदा. पडद्यामागे दोन खोल्या आणि त्यांच्यामागे भिंतीआड लहानसं अंगण. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची सासू. आणि एक कोंबडी.

बायको वारली होती. सासू, जिला सगळी गल्ली मावशी म्हणायची, लेकीच्या आजारपणात मदतीला म्हणून आली. लेक गेली, सासू राहिली. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, दर आठवड्याला फोन करायचा, "आई, कधी येतेस?" मावशी म्हणायच्या, "येते, जरा थंडी ओसरू दे." थंडी ओसरायची, उन्हाळा यायचा. मग म्हणायच्या, "जरा ऊन उतरू दे." कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली असायची, त्यातला लागेल तो कपडा काढायच्या आणि धुऊन परत तिथंच भरायच्या. जावयावर त्यांचा जीव होता म्हणावं, तर तसंही दिसत नव्हतं. "जेवून घ्या." "घेतो." एवढ्यावर दोघांचा दिवस जायचा. त्या त्याला अहोजाहो करायच्या, तो त्यांना आई म्हणायचा, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता शेजारून जायला शिकले होते.

कोंबडी बायकोची. कुणाच्या तरी खुराड्यातलं मागे पडलेलं पिल्लू, जगणार नाही म्हणून टाकून दिलेलं. तिनं ते बुटाच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला ठेवून वाढवलं. त्याची तांबूस तपकिरी, तुरा एका डोळ्यावर आलेली मोठी कोंबडी झाली. पडदा बाजूला सारून ती दुकानात यायची, खाली पडलेले केस पायानं उकरायची, आणि रिकामी खुर्ची दिसली की उडी मारून बसायची, आरशासमोर. बायकोनंच तिला बाईसाहेब नाव ठेवलं. मुका आजारपणाआधी फार हसायचा असं नाही, पण बाईसाहेब खुर्चीत बसल्या की त्याच्या मिशीत काहीतरी हलायचं.

आजारपणाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बायकोचं दुखणं लांबत गेलं. त्यानं काही म्हणून बाकी ठेवलं नाही. या डॉक्टरनं हात वर केले की त्या डॉक्टरकडे, या शहरातून त्या शहरात. दुकानाला कुलूप. कुणी म्हणालं अमक्या ठिकाणी नवीन उपचार आलाय, की हा निघाला तिला घेऊन. शेवटी ती अशाच एका लांबच्या हॉस्पिटलात गेली, नळ्यांच्या गराड्यात. घरी आणली तेव्हा मी गाडीचं दार धरून उभा होतो. मावशींनी लेकीच्या तोंडावरचा कपडा सारखा केला आणि जावयाच्या अंगाला अंग लागू न देता आत गेल्या. तेव्हापासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी मी खुर्चीत होतो. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर साबण. सकाळी पाण्याचं मीटर बघायला माणूस येऊन गेला होता आणि अंगणाचं मागचं दार नीट लागलं नव्हतं. हे आम्हाला मागाहून कळलं. आधी ऐकू आला तो आवाज. कोंबडी घाबरली की जो कलकलाट करते तो नव्हे. एकच आवाज, माणसाच्या जवळ जाणारा, आणि मधेच तुटला.

मुका वस्तरा टाकून धावला. गळ्यात कपडा, गालावर साबण अशा अवतारात मी मागोमाग.

अंगणात एक हाडकुळी कुत्री होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, सड लोंबलेले. कुठंतरी पिल्लं असणार. तिनं बाईसाहेबांना पाठीत धरलं होतं आणि डोकं झटकत होती. मावशींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्या काठी चालवत होत्या पण ती फरशीवरच आपटत होती. सगळीकडे पिसं. मुक्यानं काठी घेतली नाही, दगड शोधला नाही. सरळ दोन्ही हातांनी कुत्रीचा जबडा धरला आणि उघडला. कुत्रीनं त्याच्या तळहातात दात रोवले, मग सोडून दिलं, आणि दाराशी जाऊन एकदा मागं वळून पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तोंडचा घास गेल्यावर बघतात तसं बघितलं तिनं.

कोंबडी ओरडत नव्हती. तेच वाईट होतं. मानेखालपासून शेपटीपर्यंत पाठीची कातडी फाटून एका बाजूला लोंबत होती, शिवण उसवल्यासारखी. आतलं मांस ओलं, गुलाबी. एक पाय पोटाशी घेतलेला आणि दुसरा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा मागे पडलेला. डोळे उघडे होते. मुक्यानं माझ्या गळ्यातला कपडा ओढून काढला आणि तिला त्यात गुंडाळलं.

"दादा, गाडी," तो म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या. चेहरा थकलेला आणि बोलणं स्पष्ट. त्यांनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. "कोंबडीचं मी बघते. तुम्ही इथून निघालात की सरळ माणसांच्या दवाखान्यात जायचं, इंजेक्शनं घ्यायची. गेलात की नाही ते मी विचारणार आहे." मग कोंबडी तपासली. पाय चिमटून पाहिला. कोंबडीनं तो ओढून घेतला नाही. कातडी उचलून पाहिली तेव्हा मी भिंतीवरचा गाईचा तक्ता वाचायला लागलो.

"टाके घालता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "कुत्र्याच्या तोंडाची घाण आत राहील आणि सडेल. जखम उघडीच भरू द्यावी लागते. पायाची नस गेली असावी. धक्का मोठा बसलाय, उद्याचा दिवस बघेल की नाही तेही सांगता येत नाही. तुमचं मन असेल तर मी इंजेक्शन देऊन तिला कायमचं शांत करते. त्यात काही वाईट नाही, मी स्वतःच्या कुत्र्याला दिलंय."

"नको," मुका म्हणाला.

"मग करावं लागेल बरंच."

"सांगा."

आणि त्या माणसानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी किती कोमट? मीठ किती? औषध चोचीत कुठून सोडायचं? सरळ घशात ओतलं तर श्वासनळीत जातं म्हणाल्या, म्हणजे मग बाजूनं थेंब सोडायचा का? झोपवायचं कसं? किती उजेड चालेल? एकेक गोष्ट त्यानं परत म्हणवून घेतली. मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला भीती वाटली. बायकोच्या वेळीही तो असाच बोलायला लागला होता, डॉक्टरांशी.

बाईसाहेबांचा दवाखाना दुकानातच थाटला गेला. आरशाशेजारच्या फळीवरच्या बाटल्या हलल्या आणि तिथं पुठ्ठ्याचं खोकं आलं, आत जुने टॉवेल, वर वाकवलेला दिवा. ज्या बारीक कात्रीनं तो मिशा कोरायचा तिनं जखमेभोवतीची पिसं एकेक करून कापली. दिवसातून कितीतरी वेळा मिठाचं पाणी. औषधाचे थेंब चोचीच्या कडेनं. एखाद्याचं डोकं अर्ध्यावर सोडून तो खोक्यात डोकावायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं म्हटलं, "अरे, मीही इथंच आहे." मुक्यानं ऐकलंच नाही. दुकानाला औषधाचा आणि ओल्या पिसांचा वास यायला लागला. नेहमीचे काही जण रस्त्याच्या टोकाच्या दुकानात जायला लागले. कुणी म्हणालं, "दुकान चालवायचंय की कोंबडी?"

तो खुर्चीतच झोपायचा. पडद्यामागून मावशी ताट आणून ठेवायच्या, ताट तसंच परत जायचं. बाईसाहेब पाणी प्यायच्या पण खायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटात काही गेलंच पाहिजे. म्हणून तो उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून पिचकारीनं भरवायचा.

"तिचंच अंडं तिला," मावशी एकदा पडद्यातून म्हणाल्या. विनोद असावा. कुणी हसलं नाही.

कोंबडी डोकं झटकायची, बलक त्याच्या शर्टावर उडायचा. तो पुसायचा आणि परत भरायचा. ती चोच घट्ट मिटायची, तो अंगठ्याच्या नखानं अलगद उघडायचा. कितीही वेळ लागला तरी चालेल, अशा चिवटपणे. तिची गळ्याखालची पिशवी चाचपून बघायचा, काही उतरलं का, आणि हाताला काही लागलं नाही की त्याचं तोंड उतरायचं.

मग एका सकाळी तिनं मान वर केली. मी आत गेलो होतो तर तिनं माझ्या शर्टाच्या बटणावर चोच मारली. मुक्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला बघवलं नाही. इतकी आशा एका कोंबडीच्या चोचीवर ठेवू नये. पण मीही मूर्खासारखा म्हणालो, "आता काही काळजी नाही."

त्यानंतर लगेचच, भर दुपारी, तो माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"दादा, भिंग आहे का?"

"आहे. काय झालं?"

"वास येतोय."

मी मोठं भिंग घेतलं आणि गेलो. त्यानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. बाईसाहेबांना टॉवेलवर आडवं केलेलं. पाठीची जखम स्वच्छ होती, कडांना नवी साय धरली होती. पण मांडीच्या आतल्या बाजूला, पिसांखाली, कुत्रीच्या सुळ्याचं एक भोक होतं. ते आजवर कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं, त्याच्याही नाही, डॉक्टरांच्याही नाही. मी भिंग धरलं. भोकात काहीतरी पांढरं हललं. मग दुसरं. मग मला दिसलं की ते सगळंच हलतंय.

दुकानात माशी येऊ नये म्हणून त्यानं काय काय केलं होतं. खोक्यावर जाळी, दारावर ओला कपडा. तरी कुठूनतरी एक आली होती.

त्यानं चिमटा उकळत्या पाण्यात बुडवून घेतला आणि एकेक किडा काढायला लागला. मी दोन्ही हातांनी भिंग धरलं होतं. कोंबडी आतल्या आत, खालच्या सुरात कण्हत होती. प्रत्येक वेळी चिमटा आत गेला की तो म्हणायचा, "झालं, बाईसाहेब. हा शेवटचा." तो शेवटचा नसायचा. मिठाचं पाणी सोडलं की आणखी वर यायचे. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कोंबडीनं एकदा पंख उघडायचा प्रयत्न केला, पाठीची नवी साय फाटली, रक्त आलं. "झालं, झालं," तो म्हणत राहिला. त्याचा आवाज असा झाला होता की समजूत कोण कुणाची काढतंय ते कळत नव्हतं.

पडदा सरकला. मावशी कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"तिलाही असंच केलंस तू," त्या म्हणाल्या.

चिमटा थांबला. इतक्या वर्षांत मावशींनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं. हे 'तू' मलासुद्धा कानाखाली बसल्यासारखं लागलं.

"ती म्हणत होती घरी न्या, घरी न्या. तू नळ्या घालत गेलास. एक झाली की दुसरी. आता ही. मुकं जनावर, तिला तर म्हणताही येत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सोड ना रे. एकदा तरी सोड कुणालातरी."

मुक्यानं उरलेले किडे काढले. शेवटचा खरोखर शेवटचा निघेपर्यंत काढले. जखम धुतली, औषध लावलं, कोंबडीला खोक्यात ठेवलं. हात साबणानं धुतले, परत धुतले. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आरशाकडे पाठ करून बसला. मी भिंग खिशात घातलं आणि निघालो. थांबावं असं वाटत होतं, पण थांबून करणार काय होतो?

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतोय तोच तो खोकं घेऊन आला. दाढी वाढलेली, शर्टावर बलकाचे डाग वाळलेले.

"दादा, डॉक्टरांकडे सोडाल?"

"काय झालं?"

"इंजेक्शनला," तो म्हणाला. कुठल्या इंजेक्शनला, ते मला विचारावं लागलं नाही.

गाडीचं मागचं दार उघडलं तर मावशी चपला घालून येत होत्या. भिंतीला हात लावत, उजेडानं डोळे बारीक करत. लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्या उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. कुणी त्यांना चला म्हटलं नव्हतं. त्या मागे बसल्या, मुका खोकं मांडीवर घेऊन पुढे. गाडी खड्ड्यात गेली की तो खोकं हवेत उचलायचा, धक्का बसू नये म्हणून. जिला मारायला न्यायचंय तिला. मग मीही गाडी हळू घेतली.

डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ घेतला. "किडे सगळे काढलेत तुम्ही," त्या म्हणाल्या. "हे भोक माझ्या नजरेतून सुटलं, ती चूक माझी. पाठ भरतेय. पण बघा," त्यांनी त्याचं बोट धरून कोंबडीच्या छातीवरून फिरवलं, "नुसतं हाड लागतंय. वजन फार उतरलंय. पाय परत येणार नाही. जगेल की नाही हे मला खरंच माहीत नाही. इंजेक्शन द्या म्हणालात तर देते, देऊ नका म्हणालात तरी तुम्हाला वेडं म्हणणार नाही. बाहेर बसा. घाई नाही."

बाहेर एक लाकडी बाक होता. एका टोकाला मांडीवर ससा घेतलेली एक बाई, तिच्याशेजारी मी, मग मावशी, मग मुका आणि खोकं. ससेवाल्या बाईला आत बोलावलं. मी तिथंच राहिलो. मी आहे हे त्या दोघांच्या ध्यानातून गेलं होतं.

मग मुका बोलला, समोरच्या भिंतीकडे बघत. "मला म्हणाली होती ती. त्या शेवटच्या वेळी गाडीत बसवताना. म्हणाली, नको नेऊस, अंगणात बसू दे मला. मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि दार लावलं."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मलाही म्हणाली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "आदल्या दिवशी. आई, तू सांग त्याला, तुझं ऐकेल तो."

त्यानं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मी नाही सांगितलं. म्हटलं, काय सांगावं, या डॉक्टरांचा तरी गुण येईल. तिची पिशवी मीच भरली. गाऊन, कंगवा, सगळं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी घड्या घालत होते." त्या थांबल्या. "मलाही हवी होती ना रे ती. नंतर सगळं तुझ्या माथी मारलं. तू बोलत नाहीस, तुझ्यावर टाकायला सोपं होतं."

मुक्यानं खोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्याच्या तळहातावरचे दातांचे व्रण अजून लाल होते. तो रडला की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण मी जमिनीकडे बघत होतो.

"आता काय करू, आई?"

"मला विचारतोस?"

"दुसरं कोण आहे विचारायला?"

मावशींनी खोक्याचं झाकण उघडलं, चांगला डोळा जवळ नेला. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पापणी मिटली. कोंबडीची पापणी खालून वर येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"घरी नेऊ," मावशी म्हणाल्या. "पण त्या पिचकाऱ्या बंद. चोच उघडायची नाही कुणी. जखम पुसायची, पाणी ठेवायचं. खायचं तर खाईल, नाहीतर नाही. अंगणात ठेवू तिला, उन्हात."

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि दुखणं कमी करायचं औषध दिलं. पैसे घ्यायला विसरल्या, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे.

पुढचे दिवस मुक्याला सगळ्यांत जड गेले. किडे काढताना निदान हाताला काम होतं. आता तो केस कापता कापता पडद्याशी जायचा, अंगणात बघायचा, परत यायचा. फळीवर हात जायचा. पिचकारी मावशींनी कुठं लपवली होती ती त्याला सापडली नाही; मी विचारलं तर मला म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही त्याला सांगाल." बाईसाहेब जाळीखाली पोत्यावर पडून असायच्या, मावशी शेजारी धान्य निवडत. मधे मधे एखादा दाणा समोर पडायचा, मुद्दाम टाकला नाही अशा बेतानं. कधी त्या टिपायच्या. एकदा एक किडा स्वतःहून पकडला.

एका दुपारी त्यांनी एका पायावर सरकत कोपऱ्यातली माती गाठली आणि आडव्या पडून पंखानं अंगावर माती उडवायला लागल्या, कोंबड्या अंघोळ करतात तशी. सगळी माती जखमेवर. मुका पडदा ओढून धावला. मावशींनी हात आडवा केला. "राहू दे."

"घाण जाईल आत."

"जाऊ दे. बघ तिच्याकडे."

तो उभा राहिला. कोंबडीनं डोळे मिटले होते, मान मातीत टाकली होती, आणि एका पंखानं, जमेल तेवढंच, माती उडवत होती. मुका भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. तेव्हा मात्र मी त्याला रडताना पाहिलं. आवाज नव्हता. खांदे नुसते हलत होते, आणि मावशी धान्य निवडत राहिल्या.

त्यानंतर बाईसाहेबांनी खाणं सोडलं. त्याला कळलं, तरी त्यानं चोचीला हात लावला नाही. एका दुपारी तो कुणाची तरी दाढी करत होता तेव्हा त्या गेल्या. मावशींचा हात कोंबडीच्या पाठीवर होता. मावशी पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या, गिऱ्हाईक तोंड पुसून बाहेर पडेपर्यंत थांबल्या, आणि मग एवढंच म्हणाल्या, "चल." समोरून मी त्याला दुकानाचं दार ओढून घेताना पाहिलं आणि समजलो.

भिंतीशी खड्डा त्यानं खणला. माती कडक होती. मी कुदळ मागितली, त्यानं दिली नाही.

नंतर त्याचं बरं चाललं असं म्हणता येणार नाही. कित्येक दिवस तो गिऱ्हाइकाला "नेहमीचं?" असंही विचारत नव्हता. एकदा माझ्या गालाला साबण लावून तो खिडकीकडे बघत राहिला, साबण वाळून खाज सुटली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सगळं केलं, तरी जातात. काही न करताही जातात. मग माणसानं करायचं काय, दादा?" त्यानं परत साबण लावला आणि दाढी केली.

मावशी एकदाच्या मुलाकडे गेल्या. मुक्यानं त्यांना गाडीत बसवून दिलं, खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. आम्हाला वाटलं, गेल्या त्या गेल्या. महिनाभरात परत आल्या. सुनेनं चांगलं केलं, मुलानं डोळ्याचं ऑपरेशन करून दिलं, पण तिथं लेकीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही म्हणाल्या. सगळे जपून बोलतात, म्हणाल्या.

परवा दुकान बंद करत होतो. रस्ता शांत होता, आणि समोर पडद्यामागून भांडणाचा आवाज येत होता. मी कान दिला. बायकोला निळा रंग आवडायचा की हिरवा, यावर चाललं होतं.

"हिरवा. मी आई आहे तिची."

"निळा. कपाट उघडून बघा."

"कपाटात तू आणलेलेच कपडे असणार."

"तिनं निवडलेले आहेत सगळे. मी बरोबर होतो."

मुक्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, आणि ते भांडण तसंच चालू सोडून घरी निघालो.